लिफ्टमधला ग्लास

माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. चाळिशीला आलाय, खांदे असे की दारात उभा राहिला की खोलीत अंधार होतो. तरी घरात त्याला सगळे चिमण्याच म्हणतात. नाव त्याच्या आईनं ठेवलेलं. जन्मला तेव्हा म्हणे मुठीत मावेल एवढा होता. "मुठीत कसा मावेल, काहीतरीच," असं मी म्हणालो की ती म्हणायची, "तुमच्या मुठीचं कोण बोलतंय?"

त्याच्या वाढदिवसाला आमच्याकडे एक रीत होती. रीत हिची. त्या दिवशी ती त्याच्या ताब्यातल्या एखाद्या लिफ्टमध्ये बसायची, तळापासून वरपर्यंत जायची आणि परत खाली यायची. पिशवीत पाण्याची बाटली आणि काठाला पोचा आलेला एक स्टीलचा ग्लास. लिफ्टमध्ये शिरली की ग्लास खाली ठेवायची, काठोकाठ भरायची आणि कोपऱ्यात उभी राहून त्याच्याकडे बघत राहायची. खाली उतरल्यावर चिमण्याला फोन. "एक थेंब सांडला नाही रे." एवढंच बोलणं. मग अर्धं पाणी स्वतः प्यायची, अर्धं मला द्यायची. "घ्या. तुमचाही आहे तो."

ही रीत कुठून आली ते सांगतो. चिमण्या शिकाऊ होता तेव्हा त्याचा उस्ताद नवीन पोरांना असंच तपासायचा. पोरानं ब्रेक जुळवला की उस्ताद आत भरलेला ग्लास ठेवून लिफ्ट चालवायचा. ब्रेक जास्त आवळला असेल तर लिफ्ट गचका देऊन थांबते. सैल असेल तर मजल्याच्या खाली घसरते आणि मग थांबते. दोन्ही वेळा पाणी सांडतं. सांडलं की उस्ताद त्याच पोराला लिफ्ट पुसायला लावायचा. चिमण्यानं हे एकदा जेवताना सांगितलं. मी ऐकलं न ऐकलं केलं. हिचा घास हातातच राहिला.

कारण हिचं निम्मं आयुष्य भरलेले ग्लास सांभाळण्यात गेलेलं. एका मोठ्या कचेरीत ती चहापाणी द्यायची. कचेरीला लिफ्ट होती, पण ती साहेबलोकांची. चहापाणी जिन्यानं. दोन्ही हातांत ट्रे, पदराचा बोळा कमरेला खोचलेला आणि नजर पुढच्या पायरीवर. बशीत चहा सांडला तर साहेब काही बोलायचे नाहीत, नुसते बशीकडे बघायचे. "त्यापेक्षा शिवी परवडते," ती म्हणायची. तिचे गुडघे त्याच जिन्यावर गेले.

पुढे चिमण्याला स्वतःच्या जबाबदारीवर लिफ्ट मिळाल्या, त्यांत हीच कचेरी निघाली. हिची नोकरी तोवर सुटली होती. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी चिमण्या म्हणाला, "आई, तुला काय आणू?" आमच्याकडे सगळं उलटंच, ज्याचा वाढदिवस तोच विचारणार. ती म्हणाली, "काही आणू नको. मला तुझ्या लिफ्टमध्ये बसव."

आम्ही गेलो. दारावरचा जुना वॉचमन तिला ओळखून म्हणाला, "वहिनी, वाट चुकलात. जिना तिकडे."

"जिना आता तुम्ही वापरा," ती म्हणाली. "मी आज मुलाच्या गाडीनं जाणार."

तिथपासून दर वर्षी एक नवी इमारत. मला लाज वाटायची, लपवत नाही. मी फरशी बसवणारा माणूस, लोकांच्या घरात मान खाली घालून काम करायची सवय. ही मात्र लिफ्टमध्ये कोणी शिरलं की त्याला धरायचीच. एकदा एक सूटबूटवाले गृहस्थ ग्लासावर पाय देणार, तेवढ्यात ही म्हणाली, "साहेब, जरा पाय सांभाळा. परीक्षा चालू आहे."

"कसली परीक्षा?"

"माझ्या मुलाची. ही लिफ्ट तोच बघतो."

"आणि नापास झाला तर?"

"तर आपण तिघंही खालीच जाणार की," ती म्हणाली. गृहस्थ पुढच्या मजल्याला उतरले. त्यांना खरंच तिथं उतरायचं होतं का, कोण जाणे.

शेजारीणबाईंचा मुलगा मोठ्या हुद्द्यावर. त्या ते बोलता बोलता दोनदा तरी सांगायच्या. ही शांतपणे म्हणायची, "असू दे हो. त्याला हुद्द्यापर्यंत वर न्यायला आमचाच लागतो."

पण एक सांगतो. तिचं कौतुक फुकटचं नव्हतं. एका वर्षी कापडाच्या दुकानातल्या लिफ्टमध्ये पाणी सांडलं. फार नाही, ग्लासाभोवती एक ओलं वर्तुळ झालं. मी म्हणालो, "आज वाढदिवस आहे त्याचा. नको सांगूस. उद्या सांग."

"आज खोटं बोलले तर आजवरचं सगळं खोटं होईल," ती म्हणाली आणि तिनं फोन लावला. "चिमण्या, सांडलं."

"किती?" त्यानं विचारलं. मला बाजूला ऐकू आलं.

"तळहाताएवढं."

संध्याकाळी सूनबाई तयार होऊन बसलेली, दोघं बाहेर जेवायला जाणार होते. हा हत्यारांची पिशवी घेऊन थेट दुकानात. ही ग्लास घेऊन परत हजर. दुकान बंद व्हायच्या वेळेला पाणी सांडायचं थांबलं. सूनबाई त्या दिवशी माझ्याशी एकच वाक्य बोलली. "बाबा, तुमच्या घरात वाढदिवस ही शिक्षा असते का?" पण हिच्या तोंडावर त्या दिवशी जे होतं ते बाकीच्या कुठल्याच वर्षी मी पाहिलं नाही. घरी येईपर्यंत एकच पालुपद. "आला बघा. सांडलं म्हटल्यावर आला. स्वतःचा वाढदिवस टाकून आला."

दवाखान्याची लिफ्टही चिमण्याकडेच होती. तिथं मात्र ती कधी वाढदिवसाला गेली नाही. म्हणायची, "त्या लिफ्टमध्ये लोक दुखणं घेऊन बसतात. आपली हौस तिथं नको."

मग तिलाच तिथं जावं लागलं. खाट चौथ्या मजल्यावर, तपासण्या तळमजल्यावर. एक दिवस आड तिला स्ट्रेचरवर घालून खाली न्यायचे. पोटाला टाके होते. वॉर्डातून लिफ्टपर्यंत जाताना चाक कुठे अडलं की ती ओठ दाताखाली धरायची. लिफ्टमध्ये मात्र तिचा चेहरा सैल पडायचा. वॉर्डबॉयला सांगायची, "तू नेतोस तेव्हा दुखतं बघ. माझा मुलगा नेतो तेव्हा दुखत नाही."

"मावशी, आता तर मीच आहे इथं. मुलगा कुठाय तुमचा?"

"तुला दिसत नाही एवढंच."

एकदा खाली जाताना तिनं माझा हात धरला. "या फेऱ्या मोजायच्या नाहीत हां. त्याच्या वाढदिवसाला इथंच येऊ. मी माझ्या पायांनी येईन आणि ग्लास ठेवीन."

मी म्हणालो, "येऊ की."

वाढदिवसाच्या बऱ्याच आधी ती गेली. त्याच लिफ्टनं तिला खाली आणलं. चिमण्या तिच्या डोक्याशी उभा होता, मी पायाशी. लिफ्टमन तोंड फिरवून बटणांकडे बघत होता.

त्यानंतर मी एकटाच राहतोय. चिमण्या म्हणाला, आमच्याकडे चला. मी म्हणालो, बघू. सुट्टीच्या दिवशी तो येतो, नळ गळत असला तर वायसर बदलतो, पंख्यात तेल घालतो आणि जातो. तिच्याबद्दल आम्ही बोलत नाही. बोलायचं काम तिचंच होतं, आम्हा दोघांच्याही वाटचं. तिच्या पश्चात घरात नुसते आवाज राहिले, पान्याचे आणि कपबशीचे.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सूनबाईचा फोन आला. "बाबा, उद्या जेवायला या. ते म्हणतात यंदा वाढदिवस नको. पण तुम्ही या. तुमच्या निमित्तानं ते तरी ताटावर बसतील."

"येतो," मी म्हणालो.

"आणि बाबा, त्यांना जरा विचाराल का? कामावर काहीतरी बिनसलंय. दवाखान्याच्या लिफ्टवरून साहेबांनी दोनदा बोलावून घेतलं. मला विचारलं की म्हणतात, तू चहा टाक."

मी विचारतो म्हणालो. फोन ठेवल्यावर मी मांडणीवरून तो ग्लास काढला. ती गेल्यापासून कोणी त्याला हात लावला नव्हता. आत बारीक धूळ बसली होती. घासला, पुसला आणि पिशवीत ठेवला. जायचं मी आधीच ठरवलं होतं. तिला शब्द दिला होता, आणि ती येऊ शकत नसली तरी मी येऊ शकत होतो.

सकाळी दवाखान्यात पोचलो. पाय आत टाकताना वास आला आणि मी थोडा वेळ दारातल्या खांबाला धरून उभा राहिलो. लिफ्टमन त्याच्या स्टुलावर बसला होता. तोच. मला बघून उठला.

"बाबा, तुम्ही? कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. मुलाचा वाढदिवस आहे."

त्यानं माझ्या पिशवीकडे बघितलं. हिनं त्याला ग्लासाची गोष्ट सांगितली असणारच. तिनं कोणाला सांगितली नव्हती? तो बाजूला झाला. मी ग्लास ठेवला, बाटलीनं भरला. ती भरायची तेव्हा पाणी काठाच्या वर फुगून उभं राहायचं. माझा हात हलतो, मला तेवढं जमलं नाही. पोच्यापर्यंत भरला.

लिफ्ट निघाली तेव्हाच एक हिसका बसला. पाणी डुचमळलं. मी मनात म्हणालो, निघताना होतं कधीकधी. चौथ्या मजल्यावर थांबताना असा गचका आला की मी भिंतीला हात टेकला. दार उघडलं. पाणी माझ्या चपलेपर्यंत आलं होतं. आणि लिफ्ट मजल्याच्या खाली थांबली होती. मी जन्मभर फरशा बसवल्या, दोन फरशांमध्ये कागदाएवढी उंची कमीजास्त असली तरी माझ्या पायाला टोचते. हा फरक चांगला बोटाएवढा होता.

"हे असं कधीपासून?" मी विचारलं.

लिफ्टमन दाराकडे बघत म्हणाला, "तुमच्या घरचं माणूस गेलं, तेव्हापासून हळूहळू. तो येतो हां. वेळेवर येतो, खोटं कशाला बोलू. पण जिन्यानं गच्चीवर जातो, मशीनच्या खोलीत खुडबुड करतो आणि जिन्यानं उतरतो. लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. मी म्हटलं, अरे गड्या, एकदा आत बसून तर बघ कशी थांबते. म्हणाला, वेळ नाही. गच्चीपर्यंत चढायला आहे वेळ." तो थांबला. "दवाखान्याच्या मोठ्या बाईंनी सांगितलंय, या आठवड्यात सुधारली नाही तर दुसरा माणूस मागवा. मीच गप्प ठेवलंय त्यांना अजून."

आम्ही खाली आलो. तळमजल्यावर परत गचका. उरलंसुरलं पाणीही हललं. मी ग्लास उचलून बाकावर येऊन बसलो आणि फोन हातात घेतला.

काय सांगावं? तो माझ्या फोनची वाट बघत नसणार. पण मी फोन करून तिचं वाक्य म्हटलं असतं तर त्यानं ते ऐकलं असतं. या वर्षी, आई नसताना, कोणीतरी एक थेंब सांडला नाही म्हणालं, एवढं त्याच्या पदरात पडलं असतं. आधीच पोरगा पिचलाय. त्याला कुठे कळणार होतं मी खरं बोललो की नाही? मला ते करावंसं वाटलं. अगदी मनापासून.

तेवढ्यात लिफ्ट वरून आली. आत स्ट्रेचरवर एक बाई होती, हिच्यापेक्षा बरीच तरुण. लिफ्ट थांबली तशी ती कण्हली. मग वॉर्डबॉयनं स्ट्रेचर बाहेर काढायला जोर लावला, चाक फरशीच्या कडेला आदळलं आणि ती म्हणाली, "आई गं." ओरडली नाही. हळूच म्हणाली. तिच्याबरोबरचा माणूस लिफ्टकडे बघून काहीतरी पुटपुटला. चांगलं नव्हतं ते.

मी फोन लावला.

"बोला बाबा."

"कुठे आहेस?"

"कामावर. का?"

"मी दवाखान्यात आहे."

त्याचा आवाज बदलला. "काय झालं? तुम्हाला काही—"

"मला काही झालं नाही. ग्लास घेऊन आलोय." मी म्हणालो, "चिमण्या, सांडलं."

तो किती म्हणून विचारेल असं मला वाटलं होतं. त्यानं विचारलं नाही. म्हणाला, "बाबा, घरी जा."

"जाईन."

"आई नाहीये आता. कोणासाठी करताय हे?"

"तिनं इथं यायचं ठरवलं होतं. तिला नाही जमलं."

त्यानं फोन ठेवला.

मी बाकावर बसून राहिलो. वाटलं, बोललो ते चुकलंच. माझ्या तोंडून ते वाक्य शोभलं नसणार. ती सांडलं म्हणायची तेव्हा तिच्या आवाजात असं असायचं की तू येशील मला माहीत आहे. माझ्या आवाजात काय होतं देव जाणे. मला तिच्यासारखं बोलता येत नाही. मला फक्त खरं काय ते सांगता येतं.

मग लिफ्टमध्ये सांडलेलं पाणी आठवलं. लोकांचे पाय त्यातून जात होते, कोणी घसरलं असतं. लिफ्टमनकडून फडकं मागून घेतलं. तो म्हणाला, "राहू द्या, मी पुसतो." मी म्हणालो, "नको, आमचं आहे." त्यानं लिफ्ट बंदची पाटी दाराला अडकवली. मी आत बसून पुसू लागलो. माझेही गुडघे आता तिच्या गुडघ्यांसारखेच झालेत. खाली बसता आलं, उठता येईल की नाही शंका होती.

किती वेळ गेला माहीत नाही. पिशवीतल्या पान्यांचा आवाज आला. वर बघितलं तर चिमण्या दारात. लिफ्टमध्ये अंधार झाला.

"उठा बाबा," तो म्हणाला.

"सांडलं की पुसायचं. तुझाच उस्ताद म्हणायचा."

"ज्याच्यामुळे सांडलं त्यानं पुसायचं. तुम्ही नाही. द्या ते फडकं."

त्यानं हात पुढे केला, पण पाय बाहेरच. मी फडकं दिलं नाही. हट्ट म्हणून नाही, हात तिथपर्यंत पोचत नव्हता. तो तसाच हात पुढे करून उभा राहिला. लिफ्टमन पाण्याच्या नळाकडे निघून गेला.

"आत का येत नाहीस?" मी विचारलं.

त्यानं हात खाली घेतला. लिफ्टच्या छताकडे बघत बोलला, माझ्याकडे नाही. "तिला खाली आणलं ना आपण. मी सवयीनं लक्ष ठेवून होतो, कशी थांबतेय. बाबा, थांबली ते कळलंच नाही मला. दार उघडलं तेव्हा कळलं. इतकी मऊ थांबली. आणि माझ्या मनात आलं की जरा गचका बसायला हवा होता. एखादा बसला असता तर तिनं डोळे उघडले असते." त्यानं नाक पुसलं. "वेड्यासारखं आहे, माहितीये मला. पण आत पाय टाकला की तेच येतं डोक्यात. वर ब्रेकला पाना लावतो, हात चालतच नाही. वाटतं, कोणासाठी मऊ करायचं?"

ती असती तर तिच्याकडे उत्तर असतं, पण ती असती तर प्रश्नच नव्हता. मी एवढंच म्हणालो, "मघाशी एका बाईला आणलं खाली. टाके होते तिला. चाक आपटलं तेव्हा आई गं म्हणाली."

तो दारातल्या फरशीच्या कडेकडे बघत राहिला.

"मला उठता येत नाहीये," मी म्हणालो. हेही खरंच होतं.

तो आत आला. पिशवी खाली ठेवली, मला काखेत हात घालून उभं केलं, भिंतीला टेकवलं. मग स्वतः गुडघ्यांवर बसला आणि फडक्यानं लिफ्ट पुसली. कोपऱ्यातलंही पुसलं, जिथं पाणी गेलंच नव्हतं. पुसून झाल्यावर फडकं पिळून दाराच्या फटीत साचलेला मळ काढला. त्याचे खांदे हलत होते. मी दुसरीकडे बघितलं.

मग तो जिन्यानं गच्चीवर गेला. मी आणि लिफ्टमन लिफ्टमध्ये. मी ग्लास भरला. लिफ्टमनच्या फोनवरून वर चिमण्याला फोन लावलेला, बोलणारा मी. वर, खाली, मध्येच थांबत.

"सांडलं," मी म्हणालो.

फोनमधून मशीनचा आवाज आला. मग तो म्हणाला, "किती?"

"बशीएवढं."

पाना फिरल्याचा आवाज. "आता बघा."

"सांडलं. कमी आहे. तळहाताएवढं."

"कोणाच्या? तुमच्या की आईच्या?"

"माझ्या."

"मग अजून बरंच आहे," तो म्हणाला. लिफ्टमन हसला. मीही हसलो असेन. पुन्हा पाना, पुन्हा फेरी. दर वेळी मी ग्लास भरत होतो आणि दर वेळी थोडं कमी सांडत होतं. बाहेर लोक खोळंबले होते, दोघं-तिघं कुरकुरत जिन्यानं गेले. शेवटी एकदा ग्लासाभोवती काही दिसेना.

"काय झालं? बोला बाबा."

"मला नीट दिसत नाहीये," मी म्हणालो. "तू ये."

लिफ्टमननं लिफ्ट सर्वांत वरच्या मजल्यावर नेऊन दार उघडलं. चिमण्या जिना उतरून आला आणि दारात थांबला. हाताला काळं तेल लागलेलं. क्षणभर वाटलं, फिरतोय मागे. मग तो आत आला आणि उभा राहिला. तिचं डोकं जिथं होतं त्याच जागी. मीही माझ्या जागी होतो, पायाशी. आमच्या मध्ये ग्लास. या वेळी तो त्यानं भरला. पाणी काठाच्या वर फुगलं आणि तसंच उभं राहिलं. हात आईचा आहे त्याचा.

लिफ्टमननं बटण दाबलं. आम्ही तिघंही ग्लासाकडे बघत होतो. मजले गेले. दार उघडलं तेव्हा मला कळलं की आपण थांबलोय.

चिमण्यानं माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं तो कशाची वाट बघतोय. तोंड उघडलं, पण तिचे ते पाच शब्द बाहेर येईनात. बाहेर एक म्हातारी काठी टेकत उभी होती. तिनं विचारलं, "चालू झाली का हो? बसू का?"

"बसा," मी म्हणालो. "चांगली आहे."

पुढचं वाक्य हिचं होतं. हिनं म्हातारीला थांबवून सांगितलं असतं कोणाची लिफ्ट, कोणाचा मुलगा, आज काय आहे. मी नुसता बाजूला झालो. म्हातारी आत गेली, काठी मजल्यावरून लिफ्टमध्ये कुठेही न अडता गेली. लिफ्टमननं बंदची पाटी काढली.

आम्ही बाकावर बसलो. चिमण्यानं ग्लास एक थेंबही न सांडता तिथवर आणला होता. अर्धं पाणी प्यायला आणि ग्लास माझ्यापुढे धरला.

"घ्या, बाबा."

त्याच्या काळ्या बोटांचे ठसे काठावर उमटले होते. पाणी कोमट झालं होतं. मी ते सगळं प्यायलो.